पिवळ्या कार्डावरील माझी साक्षीची सही मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (मैदाने व स्पर्धा),
नगर क्रीडा कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : फिजिओथेरपिस्ट (कंत्राटी), सार्वजनिक गोल्फ मैदान, तळमजला, खोली क्र. ३.

विषय : कंबरदुखीच्या पाहणीतील एका कार्डावर मी केलेली साक्षीची सही मागे घेऊन खेळाडू क्र. १७ यांचे नाव येत्या रविवारच्या छत्तीस होलच्या स्पर्धेतून वगळण्याबाबत. (तातडीचे)

संदर्भ : १) माझा पाहणी अहवाल, दि. ३ मार्च.
२) आपले परिपत्रक, दि. १० मार्च.
३) माझे अपात्रता प्रमाणपत्र, दि. ११ मार्च, व त्यावरील आपले उत्तर, दि. १३ मार्च.
४) आपल्या दालनातील भेट, दि. १७ मार्च.

महोदय,

१. मी या मैदानावरील फिजिओथेरपी कक्षात सहा वर्षांपासून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक खेळाडू चाळीस ते साठ या वयाचे असतात आणि त्यांतले बहुतेक एकच जागा दाखवतात : पट्ट्याच्या किंचित खाली, मणक्याच्या एका बाजूला, अंगठ्याने दाबून. आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत बसलेली कंबर शनिवारी सकाळी अचानक शंभर वेळा पिळली जाते. गोल्फच्या फटक्यात खुबे थोडेच वळतात, खांदे पूर्ण फिरतात आणि या दोहोंमधला पीळ कमरेच्या शेवटच्या मणक्यांना सोसावा लागतो. विशीत मणक्यांमधल्या चकत्या तो सोसतात. पन्नाशीत त्या कोरड्या आणि चपट्या झालेल्या असतात, फटका मात्र माणूस विशीतलाच मारायला बघतो. आपणांस हे ठाऊक आहे. तरी पुढील मजकुराचा पाया म्हणून नोंदवते.

२. या दुखण्याचे नीट मोजमाप व्हावे म्हणून मी आपल्या मंजुरीने १४ डिसेंबर ते १ मार्च या बारा शनिवारी एकतीस खेळाडूंची पाहणी केली. प्रत्येक होल संपला की कंबर किती दुखते ते शून्य ते दहा या आकड्यांत लिहायचे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे उभे राहवत नाही. कार्ड खिशात मावावे म्हणून मी ते मैदानाच्या गुणपत्रिकेच्याच मापाचे, त्याच छापखान्यातून, फक्त पिवळ्या कागदावर छापून घेतले. रकानेही तेच राहिले : अठरा चौकटी, शेवटी ‘एकूण’ आणि खाली दोन सह्या, एक खेळाडूची, एक साक्षीदाराची. ‘एकूण’ हा रकाना माझ्या बेरजेच्या सोयीसाठी ठेवला. साक्षीदाराची ओळ काढायची राहून गेली. दुसऱ्याच्या दुखण्याला साक्षीदार कसा असेल, हे मला छपाईच्या वेळी सुचायला हवे होते.

ही माझी पहिली चूक. जी माणसे वीस-वीस वर्षे अठरा चौकटींच्या कार्डावर कमी आकडा म्हणजे चांगला आकडा एवढेच शिकत आली, त्यांच्या हातात मी अठरा चौकटींचे कार्ड दिले.

३. तिसऱ्या शनिवारी सूचनाफलकावर एक यादी लागली. ती टाइल्सचे दुकान असलेल्या एका खेळाडूने लावली होती. शीर्षक ‘कंबर : या आठवड्यातील सर्वांत कमी’. पहिले नाव दंतवैद्यांचे होते, एकूण २२. मी यादी काढली, ती संध्याकाळपर्यंत परत लागली. पाचव्या शनिवारी बामचा रिकामा डबा सोनेरी रंगवून चषक म्हणून ठेवण्यात आला. सातव्या शनिवारी भूगोलाच्या शिक्षिका माझ्या कक्षात पालथ्या झोपून शेक घेत होत्या. त्यांनी विचारले, “पाचव्या होलला मी चार लिहिलं. पण ते चेंडू पाण्यात गेल्याच्या रागात. त्याचं दोन करता येईल का?” मी म्हटले, जे जाणवले ते लिहावे. त्यावर त्या म्हणाल्या, “जाणवलं तर चारच. पण बाकीचे दोन-दोन लिहितात. सगळ्यांत माझीच कंबर म्हातारी दिसायची.”

त्या दिवशीच मी पाहणी थांबवायला हवी होती. मी त्यांचा चारचा आकडा तसाच ठेवला आणि पाहणी चालू ठेवली.

पहिल्या आठवड्यात एकतीस खेळाडूंची सरासरी एकूण ६२ होती. बाराव्या आठवड्यात ती ११ झाली.

४. याच काळात मी स्वतः घेतलेली मोजमापे अशी : (अ) गुडघे न वाकवता पुढे वाकल्यावर बोटांची टोके व जमीन यांतील अंतर सरासरी १४ सेंटिमीटर होते, ते १९ झाले. म्हणजे कंबर अधिक ताठ झाली. (आ) शेक घ्यायला येणारे आठवड्याला ९ होते, ते २३ झाले. (इ) वाकायला लागू नये म्हणून पटरच्या, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायच्या काठीच्या, मुठीला चेंडू उचलणारी रबराची वाटी बसवलेले खेळाडू ४ होते, ते १९ झाले. कंबर बरी झालेला माणूस अशी वाटी विकत घेत नाही.

ही मोजमापे अहवालाच्या पान ७ वर आहेत. सरासरी एकूण पान १ वर आहे. आपल्या कार्यालयाने पान १ वाचले, याबद्दल माझी तक्रार नाही. पान १ वर काय घालायचे हे मीच ठरवले होते. बासष्टचे अकरा झालेले पाहून मला आनंद झाला होता, आणि आनंद झाला की मी तपासून पाहते, ते या वेळी केले नाही.

५. अहवालाच्या आधारे आपल्या परिपत्रकाने पुढील निर्णय झाले : खेळाडूंची कंबरदुखी ब्याऐंशी टक्क्यांनी घटल्याने फिजिओथेरपी कक्ष आठवड्यातून चार दिवसांऐवजी एक दिवस उघडा राहील. बॅटरीवरच्या गाड्या साठीखालील खेळाडूंना मिळणार नाहीत. सहाव्या आणि तेराव्या होलजवळचे बाक उचलण्यात येतील. वार्षिक स्पर्धा अठराऐवजी छत्तीस होलची, एकाच दिवशी, स्वतःची पिशवी स्वतः वाहून खेळली जाईल. बाराव्या आठवड्याच्या पिवळ्या कार्डावर ज्याचे एकूण अठराच्या आत आहे तो पूर्ण तंदुरुस्त मानला जाईल, त्याला वेगळे प्रमाणपत्र लागणार नाही, आणि ही कार्डे ‘स्पर्धेच्या गुणपत्रिकांचाच भाग’ समजण्यात येतील. ज्याचे एकूण सर्वांत कमी, तो संघाचा कर्णधार.

शेवटून दुसऱ्या वाक्यातील अवतरणचिन्हांतला भाग कृपया ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

६. सर्वांत कमी एकूण खेळाडू क्र. १७ यांचे आहे. शून्य. शेवटचे चार शनिवार सलग शून्य. सोनेरी डबा सध्या त्यांच्याकडे आहे.

खेळाडू क्र. १७ माझे थोरले भाऊ आहेत. वय चौपन्न, पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढतात, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकोणीस वर्षे ते या मैदानावर खेळत आहेत आणि एकोणीस वर्षांत संघाच्या यादीत त्यांचे नाव नेहमी ‘राखीव’ या शब्दाखाली आले आहे. जूनमध्ये त्यांना पंचावन्न पूर्ण होतील आणि ते ज्येष्ठांच्या गटात जातील, जिथे संघ नाही. म्हणजे हा रविवार त्यांचा पहिला आणि शेवटचा. हे मी त्यांच्या बाजूने लिहिते आहे. ते मला कळत नाही असे त्यांना वाटते, म्हणून कुठेतरी लिहिलेले असावे.

७. मंगळवार, ११ मार्च रोजी सकाळी दादा चहासाठी खाली आला. त्याच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर पडलेली होती. मी म्हटले, चप्पल कुठे राहिली. त्याने खाली पाहिले आणि उजवा पाय उचलून दाखवला, “ही काय.” डाव्या पायातली निसटली, उरलेल्या आठ पायऱ्या तो थंड फरशीवर अनवाणी उतरला, आणि त्याला ते कळले नव्हते.

मी त्याला टाचांवर चालायला सांगितले. डावा पंजा जमिनीवर आपटत होता. डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगून त्यावर एक बोट ठेवले, तर एका बोटाने तो खाली गेला. पावलाच्या वरच्या भागावर कापूस फिरवलेला समजत नव्हता. कमरेतल्या चकतीचा भाग सरकून पायाकडे जाणारी नस दाबली जाते तेव्हा असे होते. वहिनींनी तेव्हा सांगितले की महिनाभर त्याच्या बुटांच्या नाड्या त्याच बांधतात. “मला म्हणाले, तुझ्या नणंदेला कळलं तर ती मला फळीवर झोपवेल. म्हणून गप्प बसले हो.”

१५ मार्चला मी त्याला मणक्याच्या सर्जनकडे नेले. त्यांनी माझ्यासारखेच बोट ठेवून पाहिले आणि सांगितले की एमआरआय होईपर्यंत फटका मारायचा नाही, वजन उचलायचे नाही. नस आणखी दाबली गेली तर पंजा कायमचा लुळा पडू शकतो. बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली तर मात्र त्याच तासाला दवाखान्यात यायचे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. एमआरआयची तारीख सोमवार, २४ मार्च मिळाली. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “सोमवारी जातोच आहे ना. मग रविवार कुठे मध्ये येतो?”

सर्जनची चिठ्ठी त्याने चार घड्या करून गोल्फच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली आहे. तिथेच मोजे असतात.

८. चप्पल पडली त्याच दिवशी मी त्याला खेळण्यास अपात्र ठरवणारे प्रमाणपत्र आपल्या कार्यालयात दिले. आपले उत्तर तीन मुद्द्यांचे होते. एक, प्रमाणपत्र देणारी व्यक्ती खेळाडूची सख्खी बहीण असल्याने ते ग्राह्य नाही. दोन, याच व्यक्तीच्या अहवालाने खेळाडू तंदुरुस्त ठरला आहे, आणि बैठकीत स्वीकारलेला अहवाल पुढील वार्षिक आढाव्यापर्यंत बदलता येत नाही. अपवाद एकच : ‘आमची कार्डे चुकीची आहेत’ असे सर्व एकतीस खेळाडूंनी सहीनिशी लिहून दिल्यास. तीन, इतर डॉक्टरांचे कागद फक्त खेळाडूने स्वतः सादर करावेत.

पहिल्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणते की रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे माझ्या व्यवसायात बसत नाही. परिच्छेद ७ मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहिलेला नाही. आपण मला बहीण ठरवले, तर हा अर्जही बहिणीचाच समजावा.

९. १३ ते १६ मार्च या चार दिवसांत मी खेळाडूंच्या सह्या मिळवण्याचा प्रयत्न केला. कोणी घरी भेटले, कोणी दुकानात, एक जण केस कापून घेत असताना. आपले कार्ड चुकीचे आहे असे लिहून द्यायला एकही तयार झाला नाही. दंतवैद्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवले, दिवा बंद केला आणि शांतपणे विचारले, “मी खोटं लिहिलं असं मी कसं लिहू? माझं खरं आहे. बाकीच्यांचं मात्र सपशेल खोटं आहे, ते लिहून देतो, आत्ता देतो.” त्यांनी स्वतःच्या चिठ्ठीवर तसे लिहून दिले. टाइलवाल्यांनी दुकानाच्या कागदावर दिले, आणि वर म्हणाले की दंतवैद्य शेकाच्या पिशव्या घरी घेऊन जातो म्हणून तुमच्याकडे दिसत नाही. भूगोलाच्या शिक्षिकांनी सर्वांत सविस्तर दिले, दोन पाने, कोण कोणत्या होलला कुठे हात ठेवून उभा राहतो यासह.

अशी एकोणतीस निवेदने सोबत जोडली आहेत. प्रत्येकाचा मथितार्थ एकच आहे : ‘माझे कार्ड खरे, उरलेल्या सर्वांची खोटी.’ यांतील कोणतीही दोन निवेदने एकाच वेळी पूर्ण खरी असू शकत नाहीत. पण प्रत्येक कार्ड खोटे आहे असे सांगणारे किमान अठ्ठावीस सहखेळाडू आहेत, आणि ते एकमेकांशी ठरवून बोललेले नाहीत, कारण हल्ली ते एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. माझ्या सहा वर्षांच्या कामात इतका एकमुखी पुरावा मला मिळालेला नाही. आपल्या कार्यालयाने तो ‘विहित नमुन्यात नाही’ म्हणून परत केला.

निवेदन न देणारे दोन. एक दादा. तो म्हणाला, “मी कुणाचं काही बघितलं नाही. मी खाली मान घालून माझा चेंडू खेळतो.” दुसरे, खेळाडू क्र. ४, म्हणजे आपण.

१०. १७ मार्चला आपण मला वेळ दिलीत याबद्दल आभारी आहे. आपण म्हणालात की आकडे माझेच आहेत आणि आता मीच ते नाकारते आहे, मग कार्यालयाने कोणत्या बाईवर विश्वास ठेवावा, तीन मार्चच्या की सतरा मार्चच्या. प्रश्न रास्त आहे. मी त्याचे उत्तर परिच्छेद ११ मध्ये देते.

त्या भेटीत आपण मला खुर्ची दिलीत आणि स्वतः पंचवीस मिनिटे उभे होतात. मधून मधून टेबलाच्या कडेवर दोन्ही तळहात टेकवून वजन हातांवर घेत होतात. शिपायाने खाली पडलेली फाइल उचलून देईपर्यंत आपण तिच्याकडे फक्त पाहत राहिलात. बाराव्या आठवड्यात आपले एकूण ९ आहे. हे निरीक्षण मी सोबतच्या कागदपत्रांत घातलेले नाही आणि घालणार नाही. माझा कक्ष सध्या गुरुवारी उघडा असतो.

११. आता मूळ गोष्ट.

१ मार्चला, बाराव्या शनिवारी, दादाच्या चौघांच्या गटातला एक जण दुसऱ्या गटाबरोबर खेळायला गेला. त्याच्या कार्डावर सही करायला कोणी उरेना, कारण उरलेले दोघे एकमेकांची कार्डे धरून बसले होते. म्हणून त्या दिवशी त्याच्याबरोबर अठरा होल मी चालले. साक्षीदार नातेवाईक नसावा, असे आपल्या नियमपुस्तिकेत कुठेही नाही. मी दोनदा पाहिले.

त्या सकाळी मी जे पाहिले ते असे. चौथ्या होलनंतर त्याने पिशवीचा पट्टा उजव्या खांद्यावर घेतला आणि पुन्हा डाव्यावर घेतला नाही. नवव्यानंतर चढावर तो थांबला आणि मला समोरच्या झाडाची जात विचारली. त्याला झाडांत कधीच रस नव्हता. चौदाव्या होलमध्ये चेंडू पडला तेव्हा तो तिथे उभा राहिला, रबराची वाटी घरी विसरली होती, आणि म्हणाला, “मोजपट्टी, जरा काढून दे गं. तू वाकायचे व्यायाम शिकवतेस ना, तूच वाक.” लहानपणापासून तो मला मोजपट्टी म्हणतो. मी वाकले आणि चेंडू काढून दिला. वर पाहिले तर त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. वारा थंड होता. चौकट क्रमांक चौदामध्ये त्याने माझ्यासमोर शून्य लिहिले.

अठराव्यानंतर त्याने कार्ड माझ्यापुढे धरले. एकतीस खेळाडू, बारा आठवडे, तीनशे बहात्तर कार्डे. तीनशे एकाहत्तर माझ्याकडे जमा होती. कुठल्याही पाहणीत दोन-चार नोंदी गहाळ असतात, माझ्या पाहणीत एकही असणार नव्हती. मी सही केली.

भावाची दया येऊन केली नाही, किंवा घाईतही केली नाही. मला तीनशे बहात्तर हवी होती. तीन मार्चच्या बाईवर विश्वास ठेवू नये, याचे कारण हे आहे.

१२. स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतील नियम ६ असा : साक्षीदाराला आपली सही स्पर्धा सुरू होण्यापूर्वी लेखी कारण देऊन मागे घेता येते, अशा खेळाडूने शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत नवे कार्ड भरून द्यावे. नियम ७ : ज्या कार्डावर खेळाडूची स्वतःची सही नाही, तो खेळाडू बाद, मग आकडे काहीही असोत. गेल्या वर्षी दंतवैद्य याच नियमाने जिंकूनही बाद झाले. तो किस्सा मैदानावर सर्वांत रंगवून दादाच सांगतो. दंतवैद्य पेन शोधत खिसे कसे चाचपत होते हे तो उठून, करून दाखवायचा. आता बसूनच सांगतो.

पिवळी कार्डे गुणपत्रिकांचाच भाग आहेत, असे आपल्या परिपत्रकात आहे. तेव्हा नियम ६ आणि ७ त्यांना लागू होतात. यासाठी अहवाल बदलावा लागत नाही, एकतीस सह्या लागत नाहीत, वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. माझी विनंती एवढीच :

(अ) खेळाडू क्र. १७ यांच्या १ मार्चच्या कार्डावरील माझी सही रद्द समजावी. कारण : आकडे खरे नाहीत हे मला सही करताना माहीत होते.
(आ) जाणूनबुजून खोट्या कार्डावर सही करणाऱ्या साक्षीदारावर नियम ८ प्रमाणे होणारी कारवाई माझ्यावर करावी. माझे कंत्राट त्यामुळे संपते, हे मी वाचले आहे.
(इ) उरलेल्या तीस कार्डांबाबत काय करायचे ते आपण ठरवावे. चाळिशीपलीकडचे तीस जण रविवारी पिशव्या वाहत छत्तीस होल चालणार आहेत. बाक तरी परत ठेवावेत.

१३. काल, मंगळवारी संध्याकाळी, मी हा अर्ज करणार असल्याचे दादाला सांगितले. मागून कळले असते तर त्याने मला माफ केले असते, पण मी स्वतःला केले नसते. त्याने विचारले, “म्हणजे तू मला बाद करणार.” मी म्हटले, मी माझी सही मागे घेणार. तो म्हणाला, “एकच झालं.” वहिनी ताटे घेत होत्या, त्या थांबल्या. मी एक कोरे पिवळे कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवले आणि त्या दिवशी खरे जे होते ते लिही म्हटले. त्याने कार्डाकडे पाहिले नाही. जेवला आणि वर गेला. जिना चढताना तो डावा गुडघा उंच उचलत होता, प्रत्येक पायरीवर काहीतरी ओलांडायचे असल्यासारखा. पंजा उचलला जात नसला की माणूस असा चढतो. आठवड्यापूर्वी तो असा चढत नव्हता.

आज सकाळी ते कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीखाली होते.

ते सोबत जोडले आहे. अठराही चौकटी पेन्सिलीने भरल्या आहेत. पहिल्या होलला पाच, चौदाव्याला नऊ, शेवटच्या तिन्हींना नऊ. ‘एकूण’ हा रकाना त्याने रिकामा ठेवला आहे. मी बेरीज केली, १३१ होते, पण ती कार्डावर लिहिलेली नाही. हस्ताक्षर त्याचेच आहे : इंग्रजी चारचा आकडा तो वरून उघडा ठेवतो, नकाशांवरही तसाच काढतो. पडताळणीसाठी जुनी कार्डे आपल्याकडे आहेतच. साक्षीदाराच्या ओळीवर मी सही केली आहे. दुसऱ्याच्या दुखण्याला साक्षीदार असू शकत नाही, असे मी परिच्छेद २ मध्ये म्हटले आहे. ते मी आता म्हणणार नाही.

खेळाडूच्या सहीची ओळ कोरी आहे. मी ती त्याच्याकडे मागितली नाही, आणि आपणही मागू नये ही विनंती. दादाने या मैदानावर एकोणीस वर्षांत काही हजार कार्डे भरली आहेत. सही करायला तो एकदाही विसरलेला नाही.

शुक्रवारी पाचच्या आत निर्णय व्हावा. त्यानंतर तो कळवला तरी उपयोग नाही.

आपली नम्र, व वरील चुकीस जबाबदार,

(सही)
फिजिओथेरपिस्ट, खोली क्र. ३
बुधवार, दि. १९ मार्च

सोबत :
१) खेळाडू क्र. १७ यांचे दि. १ मार्चचे कार्ड, माझ्या रद्द करावयाच्या सहीसह (छायाप्रत).
२) पाहणी अहवाल, फक्त पान ७.
३) सहखेळाडूंची निवेदने, एकोणतीस. (भूगोलाच्या शिक्षिकांचे दोन पानी.)
४) नियमपुस्तिकेतील नियम ६, ७ व ८ यांचे उतारे.
५) खेळाडू क्र. १७ यांचे नवे कार्ड, मूळ प्रत. पेन्सिलीचे आकडे पुसट आहेत, कृपया घडी घालू नये.